उबीनची शिरगणती

"इंटरनेटवरनं लोकसंख्या उतरवून घ्यायची?" पद्माकर टिल्लूंनी आमटीचा भुरका अर्ध्यात थांबवला. "इंटरनेट गेलं होतं का घरोघर मोजायला?"

प्रश्न नातीला होता. गार्गी बारा वर्षांची, शिकते सिंगापुरात. तिला शाळेनं प्रोजेक्ट दिलं होतं: शहरात मोडत नाही, नकाशावर धड दिसत नाही अशी एक वस्ती निवडा आणि तिचा भूगोल व लोकसंख्या लिहा. गार्गीनं पुलाउ उबीन बेटावरची, धक्क्यामागची जुनी घरं निवडली होती आणि पाच मिनिटांत आकडा शोधून ती मोकळीही झाली होती.

"बट आजोबा, एव्हरीबडी डज लाइक दॅट लाह." इथल्या पोरांसारखं तिच्याही वाक्याच्या शेवटी हे 'लाह' चिकटायचं.

"एव्हरीबडी विहिरीत उडी मारेल. तू मारशील?" सिंगापुरात विहीर कुठली, पण मुद्दा गार्गीला पोचला.

टिल्लू सर सासवडच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. भूगोलाच्या जोडीला सरकारनं त्यांना दर जनगणनेला जुंपलं होतं. बाकीचे मास्तर त्या कामाच्या नावानं बोटं मोडायचे, सर मात्र खुशीत असायचे. कुत्रा अंगावर आला तरी घर सोडायचं नाही, असा त्यांचा लौकिक. निवृत्तीनंतर कोणी त्यांना काही मोजायला सांगितलं नव्हतं. इथे मुलाकडे आल्यापासून तर सतराव्या मजल्यावरून खालच्या बसगाड्या मोजण्यापलीकडे हाताला काम नव्हतं, आणि हे त्यांना मनातून डाचत होतं.

"उद्या आपण जायचं," ते म्हणाले. "नकाशा तू काढ, शिरगणती मी करतो."

"बाबा, जा हवं तर," राजस म्हणाला, "पण तिथे कुणाला त्रास नको हं. माझा अर्ज अडकलाय."

राजसचा कायम रहिवासाचा, म्हणजे पीआरचा अर्ज चार महिने सरकारदरबारी पडून होता. तेव्हापासून तो माणूस राहिला नव्हता, आदर्श नागरिक झाला होता. रस्ता रिकामा असला तरी हिरवा दिवा लागल्याशिवाय पाय उचलायचा नाही. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, आपला ट्रे ठेवून आला की शेजाऱ्याचाही ठेवून यायचा. एकदा शिंक आली तर आधी इकडेतिकडे पाहून घेतलं होतं. तन्वी, त्याची बायको, म्हणायची, "अरे, पीआर मिळेपर्यंत श्वास तरी घेणारेस का?"

शनिवारी राजसला ऑफिसचं काम निघालं. आजोबा आणि नात सकाळीच निघाले. चांगीच्या धक्क्यावर होडीवाला बारा माणसं जमल्याशिवाय होडी सोडत नाही हे कळल्यावर सर बेहद्द खूश झाले. "बघ, याला म्हणतात शिस्त. आधी मोजणी, मग प्रवास."

संध्याकाळी दोघं परतले ते उन्हानं लाल होऊन. सरांच्या हातात कुणीतरी दिलेली पपई होती.

"काय माणसं आहेत रे! एकानंही दार लावून घेतलं नाही. त्या लिम आंटींनी तर दोनदा चहा दिला. बारा घरं, एकोणीस माणसं. एक म्हातारा म्हणत होता, मुलगा धरा, तो पलीकडे शहरात सेरंगूनला राहतो. मी म्हटलं, काल रात्री इथे झोपला होता का? नाही ना? मग नाही धरणार."

"आजोबा वॉज सो स्ट्रिक्ट," गार्गी कौतुकानं म्हणाली आणि तिनं फोनवरचे फोटो वडिलांपुढे धरले. राजस हसत हसत बघायला लागला. पपनसाचं झाड. कोंबडी. दार. दुसरं दार. तिसऱ्या दाराला त्याचं हसू थांबलं.

"बाबा, दारांवर हे लाल काय आहे?"

"घरक्रमांक."

"कुणी लिहिले?"

"प्रगणकानं."

"प्रगणक कोण?"

"कोण म्हणजे? मी."

दोनदा मोजणी होऊ नये म्हणून जनगणनेत मोजलेल्या घराच्या दारावर क्रमांक टाकतात. सरांच्या लेखी क्रमांक नाही तर घर मोजलंच नाही. तन्वीच्या तुळशीच्या कुंडीसाठी सासवडहून आणलेला गेरू त्यांनी वाटीत कालवून बरोबर नेला होता. पहिले दोन आकडे वस्तीचे, पुढचे दोन घराचे. लिम आंटींचं घर वस्ती एक, घर पाच. म्हणून 0105.

राजस सोफ्यावर बसला नाही, कोसळला. "बाबा, हे सिंगापूर आहे! इथे दुसऱ्याच्या भिंतीवर लिहिलं तर फटके मारतात! वेताचे!"

"शिक्षकाला?" सरांना खरंच धक्का बसला.

"पन्नाशीच्या वर मारत नाहीत," तन्वी भाजी चिरता चिरता म्हणाली. "बायकांना आणि पोरींनाही तसले फटके नसतात."

"मग उरलं कोण?" सरांनी विचारलं.

तिघांनी राजसकडे पाहिलं. राजस बेचाळीस वर्षांचा होता.

"पण मी तिथे नव्हतोच!"

"वडील तुझे, गेरू तुझ्या घरचा," तन्वी म्हणाली. तिला गंमत वाटत होती. राजसला त्या रात्री झोप लागली नाही.

रविवारी उजाडताच तो एकटाच निघाला. बरोबर बादली, दोन जुनी फडकी आणि टोपी, म्हणजे चेहरा दिसायला नको. बेत सरळ होता: जायचं, पुसायचं, यायचं. पुरावा नाही तर गुन्हा नाही. होडीला बारा माणसं मिळायला तासभर लागेल ही धास्ती होती, पण धक्क्यावर ही झुंबड! काका, मावश्या, कुणाच्या हातात उदबत्त्या, कुणाच्या संत्री. होड्या भराभर सुटत होत्या. सिंगापूरकरांना निसर्गाची केवढी ओढ, असं राजसला वाटलं.

बेटावर उतरून गर्दी चहाच्या टपरीकडे वळली. राजस मान खाली घालून घरांकडे सटकला. सगळी घरं सामसूम होती. 0101 पुसलं. 0102 पुसलं. गेरू ओल्या फडक्यानं झकास निघत होता. बाबा निदान ऑइल पेंट घेऊन गेले नाहीत, ही देवाचीच कृपा.

लिम आंटींच्या दाराशी 0105 च्या खाली उदबत्त्या जळत होत्या आणि बशीत चार संत्री मांडलेली होती. असेल रविवारची पूजा, म्हणत राजसनं चपला काढल्या, मनोभावे हात जोडले, "देवा, अर्ज मार्गी लाव" म्हटलं, बशी अलगद बाजूला सरकवली आणि उदबत्त्यांच्या वरचा आकडा स्वच्छ पुसून टाकला.

बारावं दार पुसून त्यानं फडकं पिळलं तेवढ्यात मागून किंकाळी आली.

"आय्यो! माझा नंबर! कुणी पुसला माझा नंबर?"

लिम आंटी सत्तरीच्या, बुटक्या, पण आवाज गिरणीच्या भोंग्याचा. त्यांच्यामागून टपरीवरची सगळी गर्दी धावत आली. राजसच्या एका हातात लाल फडकं, दुसऱ्या हातात लाल पाण्याची बादली. आता नाही म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं?

मग हळूहळू उलगडा झाला. सिंगापुरात फोर-डी नावाची सोडत असते. चार आकडे निवडायचे, तेच निघाले तर बक्षीस. लोक मोटारीचा नंबर लावतात, स्वप्नात आलेला लावतात. अशात एक परदेशी म्हातारा होडीतून येतो, काही विकत नाही, काही मागत नाही, घरात किती माणसं एवढंच प्रेमानं विचारतो आणि दारावर लाल रंगात चार आकडे लिहून निघून जातो. आंटींनी शहरातल्या पुतण्याला फोन करून 0105 लावायला सांगितलं. संध्याकाळच्या सोडतीत त्याला बक्षीस लागलं. छोटंसंच, शेवटच्या रांगेतलं, पण लागलं! रात्रीतून साऱ्या सिंगापुरात बोभाटा झाला.

"अजून अकरा नंबर बाकी होते!" एक काका ओरडला. "मी नुसते बघायला पार दुसऱ्या टोकाच्या जुरोंगहून आलो! ह्यानं सगळे पुसले!"

"जळतंय ह्याला आमचं नशीब," आंटी म्हणाल्या. "पोलीस बोलवा!"

पोलीस हा शब्द ऐकताच राजसनं बादली पाठीमागे लपवली. बेटावरच्या चौकीतला सार्जंट सायकलवरून आला. तरुण होता, गंभीर होता.

"सर, दारांवर तुम्ही लिहिलंत?"

"नाही, नाही!" राजस घाईघाईनं म्हणाला. "मी फक्त पुसलं!"

"म्हणजे तुम्हाला मान्य आहे."

"काय मान्य आहे?"

"पुसलं ते. लिहिण्याबद्दल कुणाची तक्रार नाही. उलट घरमालक म्हणतात, त्यांना विचारून लिहिलं होतं. पुसण्याबद्दल मात्र बारा तक्रारी आहेत." सार्जंटनं मान हलवली. "दुसऱ्याच्या दाराला हात लावताना विचारायला नको, सर?"

आयुष्यभर शिस्तीत वागून शेवटी आपण अडकलो कशात, तर साफसफाईत, हे राजसच्या डोक्यात शिरेना. त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं. त्यानं घरी फोन लावला. "बाबा, या. आणि गेरू घेऊन या."

टिल्लू सर गार्गीला घेऊन दुपारी होडीतून उतरले, तेव्हा धक्क्यावर लोक दोन्ही बाजूंना उभे होते. कुणी वाकलं, कुणी संत्रं पुढे केलं. एक मावशी त्यांचा हात धरून सोडेनाच.

"हे काय चाललंय?" सर म्हणाले. गार्गीनं सोडतीचं सगळं समजावलं.

"म्हणजे मटका!" सर तिथेच थांबले. "माझ्या जनगणनेवर मटका? अरे, हाच धंदा करायचा तर तीस वर्षं खडू कशाला झिजवले?"

"बाबा, नंतर बोला हो!" राजस काकुळतीला आला. "माझा पीआर जातोय!"

पण ऐकतील तर ते सर कसले! तोवर त्यांच्याभोवती रांग लागली होती. जुरोंगचा काका सांगत होता, मी इथेच राहतो. मावशी सांगत होती, मी या घरची सून. एकजण पपनसाच्या झाडाखाली सतरंजी टाकून म्हणाला, हे माझं घर, इथे नंबर द्या. सरांनी प्रत्येकाला तोच प्रश्न टाकला, गार्गीनं तोच इंग्रजीत केला: काल रात्री इथे झोपला होता का? सगळे छातीवर हात ठेवून हो म्हणाले.

"काल एकोणीस, आज दीडशे!" सरांचा पारा चढला. "हे बेट आहे की अनुदानासाठी फुगवलेला शाळेचा पट? कुणाला नवीन क्रमांक मिळणार नाही. जा घरी!"

तेव्हा लिम आंटी पुढे झाल्या. त्यांना नवीन नको होता, जुनाच हवा होता. "माझा होता तसा लिहून द्या. मी तक्रार मागे घेते. बाकीचेही घेतील."

"चालेल?" राजसनं सार्जंटकडे आशेनं पाहिलं.

"तक्रार नाही तर केस नाही, सर."

"बाबा, लिहा! पटकन लिहा!"

सरांनी गेरूची वाटी आणि काडीला गुंडाळलेला कापूस पुढे केला. पण आंटींच्या पुढे नाही, राजसच्या पुढे.

"मी का म्हणून लिहू?" सर म्हणाले. "माझ्या वर्गात नियम होता. दुसऱ्यानं लिहिलेलं पुसलं, तर पुसणाऱ्यानंच पुन्हा लिहायचं."

"मी?" राजसचा आवाज किरटा झाला. "दुसऱ्याच्या दारावर? पोलिसासमोर?"

"आजोबा इज राइट, बाबा," गार्गी म्हणाली. "फेअर इज फेअर लाह."

राजसनं सार्जंटकडे पाहिलं. या माणसानं नुसतं नाही म्हणावं, एवढीच त्याची प्रार्थना होती. सार्जंटनं घड्याळ पाहिलं. "लिहा लाह, सर. मलाही ड्युटी आहे."

आणि सिंगापुरात नऊ वर्षं एक कागदाचा कपटा खाली न टाकलेल्या राजस टिल्लूनं, भर दुपारी, दीडशे साक्षीदारांच्या समोर, एका परक्या बाईच्या दारावर कापूस टेकवला. शून्य थरथरलं. एक वाकडा आला. पुन्हा शून्य. शेवटचा पाच काढून तो घाम पुसत मागे सरला.

"याला पाच म्हणतात?" मागून सरांचा आवाज आला. "टोपी कुठंय त्याची?"

राजसनं पाचाला टोपी घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आंटींनी त्याच्या हातात संत्रं कोंबलं.

"जाऊ आता?" त्यानं विचारलं.

"जाऊ कसा? अकरा दारं राहिलीत," सर म्हणाले आणि चालायला लागले. राजस मुकाट्यानं मागे निघाला. एका हातात कापूस, दुसऱ्यात संत्रं, त्यामुळे त्याचे दोन्ही हात अडकले होते. गेरूची वाटी मग सार्जंटनं धरली.