वाणात गेलेलं ब्राँझ

"आई, इथे फडक्यात गुंडाळलेल्या तीन चकत्या होत्या. कुठे गेल्या?"

"त्या होय? वाणात दिल्या," कमळाबाई म्हणाल्या. "काल हळदीकुंकवाला डबे कमी पडले. पितळेच्या चकत्या बघून नंदा नि मेघना काय खूश झाल्या म्हणून सांगू!"

त्यांची सून जागृती डोंबिवलीच्या मिश्रधातूंच्या कारखान्यात मेटलर्जिस्ट होती. चकत्या पितळेच्या नव्हत्या, ब्राँझच्या होत्या. तीन भट्ट्यांचे तीन नमुने, आरशासारखे घासलेले. घर ठाण्यात, म्हणून सकाळी माजिवड्याच्या लॅबमध्ये देऊन पुढे जायचं, असा तिचा बेत होता. नमुने पास झाले तरच माल निघणार, नाहीतर सगळा पुन्हा भट्टीत.

"मी मागून आणते."

"वाण परत मागतात का कधी? लुटायचं असतं ते. हळदीकुंकवाला आलेय म्हण, आपोआप हातात पडेल."

समोरच्या नंदाने तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि चहाचं गाळणं हातात ठेवलं. वरच्या मजल्यावर मेघनाने साबणाची डबी दिली. पूर्वी वाणात बोरं, हरभरे, उसाची कांडकी यायची. निदान खाता तरी यायची.

जागृती पुन्हा नंदाच्या दारात गेली. "काकू, कालची चकती द्या ना. माझ्या कंपनीचं सँपल आहे ते."

"अगं मग आधी नाही का बोलायचंस? तुमचंच वाण तुम्हाला कसं देणार, म्हणून गाळणं दिलं!" नंदाने डुगडुगत्या फ्रिजखालून चकती काढून दिली. मेघनानेही हसतहसत दिली.

"आई, तिसरी कोणाला दिलीत?"

"कोणाला कशाला? बाळकृष्णाला आसन केलंय."

"ती पण लागेल."

"देवाला उठवू? आणि तिकडे काय, कापणार ते?"

"नाही हो. ठिणगी पाडून तपासतात. एक काळा डाग पडतो, बस."

"मग खालच्या अंगाला पाडायला सांग. आणि दिवा लावायच्या आत परत आण!"

संध्याकाळी आसन जागेवर आलं, पाठोपाठ मॅनेजर आनंदसाहेबांचा फोन. जागृती ओरडली, "आई, तिन्ही पास!"

"त्या दोघींचं मला माहीत नाही," कमळाबाई म्हणाल्या, "पण आमची होणारच होती. रात्रभर कोण बसलेलं तिच्यावर!"

फोन चालूच होता. साहेब जरा घुटमळले आणि हळूच म्हणाले, "जागृती, मागच्या महिन्यात एक भट्टी नापास झालेली ना आपली... तिचा तुकडा ठेवतील का गं आई, एक रात्र?"