आक्कासाहेबांनी जिभेची मुखत्यारी सुनेस दिली, त्याची हकीकत

श्रीगजाननास नमन, अन्नपूर्णेस नमन, आणि चुलीतल्या अग्नीस दोन हात दुरून नमन करोन हे लेखन आरंभिले. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, चैत्रमासी एक राज्य नांदत होते. राज्याचे नाव पुसू नये. मंगल कार्यालयाचे मागले अंगास, पत्र्याचे छपराखाली, चुली धडधडत आणि पातेली ओळीने मांडलेली, तेच राज्य. आणि तख्तावर कुमुदिनीबाई, ज्यांस लहानथोर आक्कासाहेब म्हणत. लग्न कोणाचे असो, मुंज कोणाची असो, पंगतीचा स्वयंपाक आक्कासाहेबांचा, आणि दरबारचा कायदा ऐसा की, कढईत काही शिजो, आक्कासाहेबांनी तळहातावर घेऊन जिभेस लावावे, डोळे मिटावे, आणि मग "सोडा पंगत" म्हणावे. ते बोल निघाल्याखेरीज वाढपी जागचा हलत नसे आणि पानात मीठसुद्धा पडत नसे, मग नवरदेव ताटकळो की व्याही रुसो. आमटीत गुळाचा खडा कमी हे वासावरोन कळावे आणि जिभेवरोन शाबीत व्हावे, ऐसी ती जीभ. आम्ही या दरबारी बहुत वर्षे पाण्याचे तांबे भरतो, जिलबी आम्हांसही प्रिय, सबब या जिभेची थोरवी आम्ही ऐकीव सांगत नाही.

परंतु चाखता चाखता साखर अंगी मुरली आणि वजनही चढत गेले, आणि आधी गोळ्या, मग सुई, मग दोन वेळा सुई, ऐसा प्रसंग आला. पुढे चैत्रात उकळते तेल पायावर उडोन टाचेस फोड आला, तो फोड वैशाख लागला तरी भरेना. सल्ल्याचे वकील घरोघरीहून दाखल जाहले. कोणी कारल्याचा रस आणला, कोणी मेथीदाणे, आणि एक मावसबहीण तर "अगं, वयच झालं आता" इतकेच औषध घेऊन आली आणि दोन वाट्या श्रीखंड खाऊन गेली. अखेर आक्कासाहेबांचे यजमान आप्पासाहेब, जे एरवी कार्यालयाचे दाराशी खुर्ची टाकोन बसत आणि कशात पडत नसत, त्यांनी रिक्षा बोलावली आणि बाईंस शस्त्रवैद्या डाक्टर पळसुले यांजकडे नेले. डाक्टरीणबाईंनी फोड पाहिला, कागद पाहिले, आणि म्हणाल्या, "कुमुदिनीताई, तुमच्या पंगतीत एखाद्याचं पोट भरलं की तो काय करतो?"

"पानावर हात आडवा धरतो."

"आणि तुम्ही?"

"दुसरा वाढपी पाठवते. आग्रह केल्याशिवाय पंगत होते का?"

"तुमच्या अंगात हेच चाललंय. इन्सुलिन म्हणजे साखर वाढणारा वाढपी. पेशींनी पानावर हात धरलेत, त्या साखर आत घेत नाहीत. शरीर आणखी वाढपी पाठवतंय, आम्ही सुईनं वरून पाठवतोय, आणि साखर तशीच रक्तात फिरतेय. वाढपी आता थकत आलेत. पुढे पाय, डोळे, मूत्रपिंड, सगळ्यांवर येणार आहे. पोट लहान करून आतड्याची वाट वळवायची शस्त्रक्रिया आहे, तिचा तुम्हाला उपयोग होईल. पण या साखरेवर मी सुरी लावणार नाही, जखम भरायची नाही. आधी तीन महिन्यांची सरासरी खाली आणा. आणि चाखणं बंद."

आक्कासाहेब म्हणाल्या, "चाखणं म्हणजे काय खाणं नव्हे."

"साखरेला तेवढा फरक कळत नाही, ताई."

हे ऐकोन आक्कासाहेब उठल्या आणि रिक्षाने घरी आल्या. पायावर पाणी सोडावे की जिभेवर, ऐसा पेच. जीभ गेली तर राज्य कशावर चालणार? दुसरे दिवशी चुलीपुढे दरबार भरला आणि आक्कासाहेबांनी सून स्वरूपा इजला पुढे बोलावून हातातला चमचा तिचे हाती दिला आणि म्हणाल्या, "आजपासून चव तू बघायची." स्वरूपा पोळ्यांचे फौजेची सरदार, हात चपळ, परंतु जीभ कधी कोणी अजमावली नव्हती. जिलबीचे सुभेदार बाबूराव, जे आक्कासाहेबांचे हाताखाली काळ्याचे पांढरे जाहले, ते पुढे होऊन म्हणाले, "आक्का, सून गुणाची आहे, पण जीभ उसनी देता येत नाही." आक्कासाहेब म्हणाल्या, "उसनी देत नाही बाबूराव. शिकवतेय."

मग पहिले लग्न आले आणि स्वरूपेने आमटी चाखली, आणि सासूचे तोंडाकडे पाहिले, आणि भीतभीत "सोडा पंगत" म्हणाली. आमटी अळणी होती. वरपक्षाचे एक काका पहिल्याच भुरक्यास "आज आक्का गावाला गेल्यात वाटतं" म्हणाले, आणि तो शब्द भिंतीवरोन चुलीपाशी आला. आता वाचणाराने मनी आणावे की, पातेले हाताशी, आमटी वाफाळती, एक बोट जिभेस लावले तर सर्व दुरुस्त, आणि वीस वर्षांचे नाव पंगतीत धुळीस मिळते आहे; तरी आक्कासाहेबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि ओठ मिटोन उभ्या राहिल्या. लढाईत तलवार चालविणारे आम्ही गोष्टींत पुष्कळ ऐकिले, परंतु तलवार हाती असोन म्यानातच ठेवणे, हे शौर्य आम्ही त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. आमचे तर डोळ्यांस पाणी आले, आणि ते कांद्याचे नव्हे. स्वरूपा कोपऱ्यात रडू लागली तेव्हा म्हणाल्या, "रडून मीठ वाढत नाही. माझ्या तोंडाकडे बघून चव कळते का? उद्या डोळे मिट आणि चाख."

मग नित्यक्रम ऐसा की, पहाटे रिकाम्या कार्यालयात आक्कासाहेबांनी फेऱ्या घालाव्या, आधी काठी टेकीत आणि पुढे काठीवाचोन. भात मुठीएवढा, उसळ वाटीभर, काकडी पोटभर. बोट टोचोन यंत्रास रक्त दाखवावे, आणि डाक्टरीणबाईंचे हुकुमावाचोन सुई कमीही करू नये आणि चुकवूही नये. ज्येष्ठ सरला, फोड भरला, आणि आषाढाअखेर सरासरी खाली उतरली तेव्हा डाक्टरीणबाई स्वतः उठोन "शाब्बास" म्हणाल्या. शस्त्रक्रियेआधी यकृताची चरबी उतरावी म्हणोन काही दिवस पातळ प्रथिनांचे पेय, ताक आणि सूप, एवढ्यावरच राहणे आले. त्या दिवसांत आप्पासाहेब दाराआड चिवडा खात आणि खाताना आवाज होऊ नये म्हणोन चिवडा आधी पाण्यात भिजवीत. आक्कासाहेबांस सर्व ठाऊक होते आणि त्यांनी हसणे आवरले.

श्रावणात, लग्नांचा हंगाम नसता, शस्त्रक्रिया पार पडली. आणि नवल ऐसे की, वजन उतरावयाचे आधीच साखर उतरू लागली. सुईचे औषध डाक्टरीणबाईंनी आज थोडे, उद्या थोडे ऐसे कमी केले आणि भाद्रपद सरता सुई बंदच जाहली, एक गोळी राहिली. आता पोट वाटीएवढे. आधी डाळ, अंडे, पनीर, मग जागा उरली तर भाकरीचा तुकडा. घास मऊ होईतो चावावा. जेवताना पाणी पिऊ नये, पाणी मागाहून घोटघोट. आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. केस गळले तेव्हा मात्र बाई खचल्या आणि आरसा पालथा घातला. आप्पासाहेब म्हणाले, "अगं, डोक्यावरचं माझं केव्हाच गेलंय, मी काय दार लावून बसलो?" मग आरसा सुलटा जाहला.

कार्तिकात तुळशीचे लग्न लागले आणि हंगामाचे पहिले कार्य आले. दरबारची जुनी चाल ऐसी की, हंगामाचा पहिला पदार्थ धन्याने चाखावा, मगच चूल पावते. बाबूराव बासुंदीची वाटी घेऊन पुढे जाहले आणि म्हणाले, "आक्का, रोग गेला, सुई गेली. आता तुमचा घास." स्वरूपा म्हणाली, "बाबूकाका, नको." आक्कासाहेबांनी वाटीवर हात आडवा धरला. परंतु बाबूराव म्हणाले, "आमच्या हातचं गोड नको झालं का? एकच चमचा, माझी शपथ आहे," आणि मागले सर्व आचारी हात जोडोन उभे. आग्रहाची ही विद्या बाबूरावांस आक्कासाहेबांनीच शिकविलेली. बाईंचा हात मागे आला. एक चमचा जाहला, मग "जोडीला दुसरा" म्हणोन दुसरा, मग तिसरा.

थोडा वेळ गेला नाही तोच बाईंस दरदरोन घाम फुटला, छाती धडधडू लागली, पोटात पीळ पडला, आणि त्या तांदळाचे पोत्यांवर कलंडल्या. आप्पासाहेब धावत आले, बोट टोचोन साखर पाहिली आणि डाक्टरीणबाईंस फोन लाविला. तिकडून आवाज आला, "घाबरू नका, आडवं राहू द्या. गोड एकदम आतड्यात उतरलंय. मागून साखर फार खाली जाऊ शकते, म्हणून तासाभराने पुन्हा बघा आणि मला कळवा. आणि त्या आग्रह करणाऱ्यांना सांगा, साखर गेलेली नाही, दबा धरून बसलीय."

आणि बाहेर पंगत बसली होती. पाने मांडली, रांगोळ्या घातल्या, मुले "वाढा, वाढा" ओरडू लागली, आणि वाढपी हातात भांडी घेऊन आक्कासाहेबांचे बोलाकडे कान लावोन उभे. स्वरूपा पोत्यांशी गुडघे टेकोन सासूचा घाम पुशीत होती. आक्कासाहेबांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "माझ्याजवळ हे आहेत. तू इथं काय करतेस? जा, चाख."

स्वरूपा उठली. आमटी तळहातावर घेतली, डोळे मिटले, आणि कोणाचेही तोंडाकडे पाहिले नाही. म्हणाली, "चिंच कमी आहे, घाला." मसालेभात चाखला. बासुंदी चाखली आणि म्हणाली, "बाबूकाका, जायफळ जास्त पडलंय, दूध घाला थोडं." आजवर बाबूरावांचे बासुंदीस नाव ठेवणारा जन्मास आला नव्हता, तरी त्यांनी मुकाट दूध घातले, चाखले, आणि मान डोलाविली. मग स्वरूपा दाराशी जाऊन ठणकावोन बोलली, "सोडा पंगत!" तो आवाज पोत्यांपर्यंत पोचला आणि आक्कासाहेबांनी डोळे मिटले, परंतु आप्पासाहेबांचा हात घट्ट धरिला, हे आम्ही पाहिले.

पंगती उठल्या. आक्कासाहेबांस तोवर हुशारी आली, साखरही पुन्हा पाहिली, ती ठीक निघाली. स्वरूपा येऊन खाली मान घालोन म्हणाली, "आई, आज तुम्हाला न विचारताच सोडली."

"बरं केलंस," आक्कासाहेब म्हणाल्या, "मला आता जेवायचंय. वाढ."

इतक्या वर्षांत त्या दरबारी आक्कासाहेब पान मांडोन जेवावयास बसल्याचे आम्हांस स्मरत नाही. स्वरूपेने पाट ठेविला, वाटीत आमटीतली घट्ट डाळ वाढली, आणि आक्कासाहेबांनी बोटभर घास घेऊन तो सावकाश चावला, आणि दुसरा घेतला. आम्ही सर्व कान टवकारोन उभे, की आता मीठ कमी म्हणतात की चिंच. आक्कासाहेब म्हणाल्या, "छान झालंय गं." लग्न होऊन आल्यापासोन सासूचे तोंडून हा शब्द स्वरूपेने ऐकिला नव्हता. तिने पदर तोंडाला लाविला. आक्कासाहेब म्हणाल्या, "रडतेस काय? बस शेजारी. तूही सकाळपासून उभीच आहेस."

सारांश, आक्कासाहेबांस आरोग्य आहे, गोळी एक चालू आहे, दर तीन महिन्यांनी रक्त तपासणे आहे, आणि चमचा स्वरूपेकडे आहे. लिहिणाराने पाहिले तैसे लिहिले. मीठ कमी वाटल्यास वाचणाराने आपले घालोन घ्यावे.