दिल्ली ते ईट

आमच्या ईट गावातनं कुणी लांब नोकरीला निघालं, की रंगनाथतात्या हजर. हातावर ठेवलेला पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारणार, "तुझ्या मायच्या मातीला यायला किती तास लागतील?"

आता शुभ घडीला हे असलं बोलणं. बायका बोटं मोडायच्या. पोरं तर पेढे न वाटताच मागच्या बोळातनं स्टँड गाठायला लागली. तात्या ढिम्म. भूमच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर म्हणून जन्म गेला, विमानात कधी पाय ठेवला नाही, पण विमानांच्या वेळा तोंडपाठ. कुणी मिजाशीत म्हणालं, "दिल्ली-पुणे दोन तास," की तात्या म्हणणार, "ते हवंतलं झालं. दारातलं सांग." मग घर ते विमानतळ, तिथं आधी जाऊन बसणं, पुण्यातली गर्दी, तिथनं गाडीनं ईट, सगळं बोटांवर मोजणार.

माझी धाकटी बहीण सुनंदा दिल्लीला निघाली तेव्हाही त्यांनी तेच विचारलं. मी मास्तर माणूस, तरी तोंड सुटलं. "तात्या, उठा इथनं," म्हणालो. ते गुमान उठून गेले.

आई गेली ती चैत्रात, पहाटे. पहिले तात्याच आले. सुनंदाशी फोनवर बोलले आणि म्हणाले, "पावणेपाच." दुपारी ऊन मी म्हणत होतं. भावकी कुरकुरायला लागली, लई वेळ ठेवू नये म्हणून. खरं सांगतो, मीही डगमगलो. "उरकून घ्या," म्हणालो.

तात्या आईच्या उशाशी जाऊन बसले. "मास्तर, पोरगी मायचं तोंड बघंल. तवर कुणी हात लावायचा न्हाय."

पावणेपाच झाले, सुनंदा नाही. फोन लागेना. पाच झाले. भावकी उठली. तात्या आडवे आले. मला म्हणाले, "धा मिनिटं द्या, पाया पडतो." माझी मलाच लाज वाटली. मग मीच सगळ्यांना अडवून उभा राहिलो.

सव्वापाचला गाडी आली. सुनंदानं आईच्या गालाला गाल लावला आणि जी रडली, की भावकीतल्यांनीही डोळ्याला टॉवेल लावले.

सावडून झाल्यावर तात्यांची माफी मागायला गेलो. ते अंगणात एकटेच बसले होते.

"आमचा धाकटा पोरगा दामू दिल्लीतच हाय," ते म्हणाले. "त्याची माय गेली तवा फोनवर म्हणला, दोन तासाचं विमान हाय, निघालोच. म्या कंट्रोलर. दोनाचे चार धरले, वर एक तास दिला. आला न्हाय. म्हणलं, थापा मारतोय, आन दिला अग्नी. सांजच्याला आला तर नुसती राख. तवापासनं माझ्याशी बोलत न्हाय."

मग म्हणाले, "मास्तर, म्या गेलो की त्याला कळवा. आन थांबा."

"किती तास?" मी विचारलं.

"येईस्तवर."