आतड्यांना ढाळ नसतो

"वीस फूट?" प्लंबरने हातातला घास तोंडात टाकला आणि न चावताच गिळला. "एका पोटात वीस फूट पाइप? आणि एवढी वळणं? हे काम कुणी केलंय?"

"आधी चावा," बायको म्हणाली. "आणि ते लहान आतडं आहे. चित्रात आहे तस्संच करायचं. परवा शिक्षणखात्याचे साहेब माझा तास बघायला येणार आहेत. तास रंगला तर नोकरी कायम, नाहीतर सुट्टीनंतर मी घरी."

लग्न झाल्यापासून ती त्याला घास चावायला सांगत होती आणि लग्न झाल्यापासून तो मोरीत पाणी ओतावं तसं जेवण पोटात ओतत होता. मग करपट ढेकरा देत घरभर फिरायचा. पण हाताला जादू होती त्याच्या. दोन दिवसांत त्याने प्लायवूडवर अख्खी पचनसंस्था उभी केली. नरसाळ्याचं तोंड, बारीक नळीची अन्ननलिका, गरम पाण्याच्या रबरी पिशवीचं जठर, त्याखाली अंगठ्याएवढ्या जाड पारदर्शक नळीची वेटोळी, मग कपडे धुण्याच्या मशीनची सुरकुत्यांची नळी म्हणजे मोठं आतडं, आणि सगळ्यात शेवटी बादली. बाई वरून लाल रंगाचं पातळ पीठ ओतणार, ते सावकाश खाली सरकणार, आणि जिथे पोचेल तिथलं त्या शिकवणार. बेत झकास होता.

सकाळी वर्गात मॉडेल ठेवून, वर चादर टाकून बाई मुलांना आणायला गेल्या आणि प्लंबर एकटा उरला. एकदा जोड तपासावेत म्हणून त्याने चादर उचलली. वेटोळी बघून त्याने कपाळावर हात मारला. उभा जन्म लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या उपसण्यात गेलेला माणूस तो. वळण आलं की गाळ आला, हे त्याला झोपेतही कळायचं. इथे तर वळणाला वळण लागून होतं आणि पाणी उतरायला ढाळ म्हणून कुठे नव्हता. साहेबांसमोर हे तुंबलं की बायकोची नोकरी गेलीच म्हणून समजा. त्याला तिची मनापासून दया आली. त्याने कात्री काढली, वेटोळी काढून टाकली आणि हातभर तुकडा जठरापासून मोठ्या आतड्यापर्यंत सरळ, झकास ढाळ देऊन बसवला. निसर्गाची चूक दुरुस्त केल्याचं समाधान घेऊन त्याने चादर परत टाकली.

दारातच शाळेच्या मोठ्या बाईंनी गाठलं. "बरे भेटलात. आमच्या खोलीतल्या बेसिनचा खालचा पाइप फुटलाय. साहेब हात धुवायला तिथेच येतील हो."

प्लंबरच्या खांद्यावर जवळजवळ वीस फूट नळी होतीच. बेसिनखालून खिडकीतून थेट अंगणातल्या गटारापर्यंत पुरली. एका दगडात दोन पक्षी मारून तो वर्गाच्या मागच्या बाकावर ऐटीत येऊन बसला.

साहेब पहिल्या बाकावर होते. पांढरी विजार, कडक इस्त्री, चेहऱ्यावरही तीच इस्त्री. बाईंनी साहेबांकडे बघतच मागे हात घालून चादर ओढली.

"बाई, ते आतडं..." एक मुलगी म्हणाली.

"मध्ये बोलायचं नाही. आता हा घास आपल्यासोबत मोठा प्रवास करणार आहे. नीट बघा हं."

असं म्हणून बाईंनी भांडं नरसाळ्यात उपडं केलं. लाल पीठ अन्ननलिकेतून जठरात आणि जठरातून त्या झकास ढाळावरून असं सुसाट सुटलं, की बादली ओलांडून थेट साहेबांच्या विजारीवर जाऊन थांबलं. प्रवास संपला. बाईंचं तोंड अजून 'प्रथम' म्हणायला उघडलेलं होतं.

वर्गात हशा फुटला. साहेब उठले आणि विजार धुवायला मोठ्या बाईंच्या खोलीकडे निघाले. बाईंनी वळून मॉडेल पाहिलं आणि मग नवऱ्याला पाहिलं.

"कुठे आहे माझं आतडं?"

"तुंबलं असतं गं ते."

"कुठे आहे?"

"बेसिनखाली."

"आत्ताच्या आत्ता आणा."

प्लंबर अंगणातून धावला, खिडकीतून आत उतरला आणि बेसिनखाली शिरून त्याने नळी उपटली. नेमक्या त्याच क्षणी साहेबांनी वरचा नळ पूर्ण सोडला होता. विजार ओली होतीच, आता बूटही भरले.

"कोण आहे खाली?" साहेब वाकले.

"मीच. आतड्यांचं काम बघतो मी."

"डॉक्टर आहात?"

"प्लंबर."

मग त्याला राहवेना. नळी कवटाळून बेसिनखालूनच त्याने सगळं सांगून टाकलं. "चूक माझी आहे साहेब. तिचं मॉडेल बरोबर होतं, मी सरळ केलं. मला वाटलं, तिचं भलं होईल. एकदा फक्त परत बघा."

साहेबांनी वाकून बूट काढले. बुटातलं पाणी त्यांनी ओतलं. "चला," ते म्हणाले, "त्या बाजूचं टोक द्या इकडे."

वर्गात आल्यावर कळलं, की वेटोळी बसवायच्या क्लिपा घाईत कुठेतरी पडल्या. आता नळी अडकवायची कशावर? बाईंचे डोळे चमकले. "उठा रे सगळे. धरा नळी."

नळी या बाकावरून त्या बाकावर, मुलांच्या हातांतून वळत वळत सगळा वर्ग फिरून आली. एक टोक जठराला आणि दुसरं साहेबांच्या हातात, खाली बादली. बाईंनी पुन्हा पीठ ओतलं. ते पहिल्या बाकापर्यंत आलं आणि तिथेच बसलं.

"बघ," प्लंबर हळूच म्हणाला, "ढाळ नाही. पुढे जायचं नाही ते."

"आतड्यांना ढाळ नसतो," बाई मोठ्याने म्हणाल्या. "माणूस आडवा झोपला तरी त्याचं अन्न पुढे जातं. कसं? मुलांनो, पीठ तुमच्याकडे आलं की त्याच्या मागे नळी दाबायची आणि पुढच्याकडे ढकलायचं. आतडं असंच करतं. आवळतं आणि ढकलतं."

पहिल्या मुलीने दाबलं. लाल पीठ हातभर सरकलं. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. "आलं, माझ्याकडे आलं." "दाब की लवकर." "लवकर नाही," बाई ओरडल्या, "सावकाश. घाई केली तर शरीराने त्यातलं घ्यायचं कधी? म्हणून तर ते इतकं लांब आहे." कोणी बाकावर चढलं, कोणी शेजाऱ्याच्या हातावर हात दाबले. प्लंबरच्या हातातही नळीचा एक भाग आला होता. त्याने जीव ओतून दाबला आणि पीठ पुढे गेलेलं बघून लहान मुलासारखा हसला.

"माझ्याकडे कधी येणार?" साहेब विचारत होते. ओल्या बुटांनी ते चवड्यांवर उभे राहिले होते.

शेवटी आलं. साहेबांनी स्वतः दाबलं, बादलीत टपकन पडलं, आणि वर्गाने असा कल्ला केला, की मोठ्या बाई धावत आल्या.

"बाई," विजार झटकत साहेब म्हणाले, "तुम्ही इथेच राहा. यांना मात्र बेसिनचं काम पुरं करू द्या."

त्या संध्याकाळी प्लंबर जेवायला बसला. पहिला घास त्याने तोंडात घेतला आणि चावायला लागला. डोळे मिटून, मन लावून, आतल्या वीस फुटांचा मान राखत चावत राहिला. बाईंचं ताट संपलं. त्यांनी हात धुतला, भांडी विसळली, ओटा पुसला, उद्याच्या तासाची तयारी केली. परत आल्या तर दुसरा घास चालू होता.

त्या समोर बसल्या. भात गार पडला होता. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, गिळा आता."