ठमाबाईची हाक

१९९४ सालच्या भाद्रपदात अंथुर्ण्याच्या ठमाबाईला शिलाई मशीन जवळजवळ मिळालंच होतं. बारामतीच्या एका संस्थेनं परसबागेची स्पर्धा लावली होती आणि पहिलं बक्षीस मशीन होतं. ठमाबाईची सून सारजा शिवणकाम शिकलेली; पण शिवायला रोज दुपारी गावाच्या दुसऱ्या टोकाला, परक्याच्या मशीनवर जायची. सासूच्या मनाला ते लागायचं.

घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दोन वर्षांपूर्वी नवरा रामहरीनं कळप गावातल्याच कुंडलिक मेंढपाळाला विकला आणि ऊस लावला. मेंढरं गेली त्या दिवशी ठमाबाई जेवली नव्हती. तीच माया तिनं आता मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांवर ओतली होती.

शेजारची द्वारकाबाई जुन्या बागायतदाराची. तिनं कुडावरून सुनावलंच होतं, "ठमाक्का, मेथी खाणारी जात निराळी, लावणारी निराळी. मेंढरामागं हिंडून का वाफं जमत्यात?"

ठमाबाई वाफ्यांना पाणी घालत राहिली. मात्र आदल्या संध्याकाळपर्यंत ओसाड दिसणारं द्वारकाबाईचं परसू स्पर्धेच्या सकाळी हिरवंगार झालेलं पाहून ती चरकली. बागायतदारांचं काही सांगता येत नाही, असं तिनं मनाला समजावलं.

दहाला जीप आली. संस्थेचे विजयसिंह साहेब वाफे बघत फिरले, मेथीचं पान चावून बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं. सारजा दारामागून वहीत डोकवायला बघत होती. साहेब खूश होते. जाता जाता त्यांनी आदरानं विचारलं, "मावशी, तुमच्याकडं मेंढ्या होत्या म्हणे. एवढा कळप एकट्या बाईला आवरायचा कसा?"

"आवरायचं काय त्यात? एक हाक दिली की झालं."

"अशी कशी हाक?"

दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. द्वारकाबाईही कुडापलीकडं कान देऊन उभी. ठमाबाईनं पदर खोचला, जीभ टाळूला लावली आणि पार ओढ्यापर्यंत जाईल अशी हाक घातली.

रामहरीनं तिला एक गोष्ट सांगितली नव्हती. लेंडीखतासाठी त्यानं कुंडलिकाचा कळप पहाटेच मागच्या रानात बसवला होता.

आधी घंटा वाजली. मग धूळ उठली. पुढं तिची लाडकी चांदी मेंढी, मागं पावणेदोनशे. धनीण कितीतरी दिवसांनी बोलावतीय म्हटल्यावर कोण थांबणार? साहेब जीपच्या बॉनेटवर चढले. कुंडलिक काठी घेऊन ओरडत आला. मेंढरांनी त्याला ओळखही दाखवली नाही. घटकाभरात वाफ्यांत काडी उरली नाही. चांदी तोंडात कोथिंबीर घेऊन ठमाबाईच्या लुगड्याला अंग घासत राहिली. मशीन डोळ्यांदेखत मेंढरांच्या पोटात गेलं होतं, आणि ठमाबाईला चांदीवर रागावताही येईना.

"अवो, मला सांगायचं न्हाय व्हय?" रानातून धावत आलेल्या नवऱ्याला ती एवढंच म्हणाली.

तोवर उरलेली मेंढरं कूड मोडून द्वारकाबाईच्या परसात शिरली. पहिलीनं मेथीला तोंड घातलं आणि हिसका दिला. अख्खी जुडी मुळांसकट वर आली. तिला सुतळी बांधलेली होती. दुसरीनं ओढली, तिलाही सुतळी. बारामतीच्या मंडईतली भाजी पहाटे नुसती चिखलात खोचलेली होती.

साहेब बॉनेटवरूनच म्हणाले, "द्वारकाबाई, बी पेरताना सुतळी पण पेरता का तुम्ही?"

द्वारकाबाईला अचानक चुलीवरचं दूध आठवलं.

साहेबांनी निकाल तिथंच दिला. ठमाबाईची बाग आपण मेंढरांच्या आधी बघितली आहे, आणि खुद्द मेंढरांनीही तिलाच पहिली पसंती दिली आहे.

सारजानं त्या मशीनवर निम्म्या अंथुर्ण्याचे झंपर शिवले. साहेब पुढं पुण्याला गेले आणि भाषणात हा किस्सा सांगू लागले. कुंडलिकानं चांदी ठमाबाईच्या दारात परत आणून बांधली. तशीही ती त्याचं ऐकत नव्हती. रामहरी रानात खुरपं न्यायचं तरी बायकोला विचारू लागला. आणि द्वारकाबाईनं पुढच्या वर्षी खरोखरीची मेथी लावली. स्पर्धेच्या दिवशी साहेबांची जीप दिसताच ती पुरणपोळ्यांचं ताट घेऊन ठमाबाईकडं आली आणि जीप जाईपर्यंत, तिचं तोंड रिकामं होऊ न देता, स्वतःच्या हातानं तिला घास भरवत बसली.