निघालेल्याला टोकू नये

आमच्या सबनीस साहेबांसमोर निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची सोय नव्हती. एकदा मी ऑफिसच्या दारापर्यंत पोचलो आणि खन्ना ओरडला, "अरे देशमुख, टिफिन भूल गया!" साहेबांनी टेबलावर अशी थाप मारली की कीबोर्ड उडाला.

"पीछे से टोका क्यों उसको?" ते खन्नावर गरजले. मग माझ्याकडे वळले. "मागे फीर. बस. पाणी पी. मग निघ."

खाली ऑफिसची गाडी हॉर्न वाजवत होती आणि मी पाणी पीत होतो. गाडी निघून गेली. नोएडाहून यमुनेपलीकडे, दिल्लीच्या मुनिरक्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीपर्यंत मग बस बदलत, लोंबकळत जावं लागलं. वाटेत मी साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तेव्हा नोएडात शेतं जाऊन काचेच्या इमारती उठत होत्या. जो तो मॉडर्न व्हायला धावत होता. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर मात्र पाण्याच्या पेल्यापाशी अडलेले. सबनीस जन्मापासून दिल्लीचे, तिथल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेले, आता नोएडात राहणारे. संस्कार आईचे, आवाज दिल्लीच्या डीटीसी बसमधल्या कंडक्टरचा.

आमचा एक ट्रान्सपोर्टवाला क्लायंट होता. त्याच्यासाठी बनवलेला बुकिंगचा प्रोग्राम ब्राउझरमध्ये चालायचा. त्याचे कारकून भलामोठा फॉर्म भरायचे आणि कोपऱ्यातल्या फुलीवर चुकून क्लिक करायचे. खेळ खलास, सगळं पुन्हा भरा. क्लायंट वैतागला. बंद करण्याआधी 'नक्की बाहेर पडायचंय का?' असं विचारणारी खिडकी टाका, नाहीतर काम दुसऱ्याला देतो, म्हणाला.

काम अर्ध्या दिवसाचं. साहेब म्हणाले, "बिल्कुल नाही! निघालेल्याला टोकू नये."

"सर, तो ब्राउझर आहे!"

"बंद कोण करतं? माणूसच ना? जाणाऱ्याला जाऊ द्यावं. यार, तुमच्या पुण्यात एवढंही शिकवत नाहीत?"

पुणं काढल्यावर माझं डोकं फिरलं. तरी आठवडाभर गिळलं. रोज क्लायंटच्या शिव्या मी खायच्या आणि साहेबांनी शकुन-अपशकुन सांभाळायचे. शेवटी क्लायंटनं शुक्रवारची मुदत दिली, तेव्हा माझा तोल गेला.

"तुमच्या हट्टापायी सगळ्यांचं काम जाणार आहे! घरचे तरी कसे राहतात तुमच्याबरोबर?"

"राहत नाहीत," साहेब म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"निखिल गेला ना, आमचा मुलगा. आमचं वाजलं होतं. त्यानं बॅग उचलली. थांब म्हणून तोंडापर्यंत आलं होतं रे. पण म्हटलं, पाठमोऱ्याला टोकून त्याचं काही वाईट व्हायला नको. दोन वर्षं झाली."

"असतो कुठे?"

"तुझ्या मुनिरक्यातच. युनिव्हर्सिटीत शिकतो."

कीव यायला हवी होती, पण मला आणखीनच राग आला. मुलगा अमेरिकेत असता तर गोष्ट वेगळी. अख्ख्या ऑफिसला पाणी पाजणाऱ्या या माणसाला यमुनेचा पूल ओलांडता येत नव्हता! तसं मी तोंडावर म्हणालोही. साहेब माझ्यावर ओरडले नाहीत. खुर्ची ओढून त्यांनी ती खिडकी स्वतःच लिहायला घेतली. मजकूर इंग्रजीऐवजी रोमन अक्षरांत हिंदी टाकला: 'रुकिए, अभी काम बाकी है.' फुली दाबून दाबून पाहिली. दर वेळी खिडकी उघडली, की बराच वेळ तिच्याकडे बघत राहायचे.

शनिवारी सकाळी त्यांची मारुती माझ्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती. पत्ता त्यांना पाठ होता, पण सोबतीला मी हवा होतो. धुसफुसत मी त्यांच्याबरोबर निखिलच्या खोलीचा जिना चढलो. निखिल बूट घालून, फाइल घेऊन दारातच होता.

"बाबा? मी... निघालोच होतो. क्लास आहे."

आणि साहेबांनी काय करावं? सवयीनं बाजूला सरून वाट दिली! मी दात-ओठ खाल्ले. निखिल क्षणभर घुटमळला आणि खाली उतरू लागला. वळणापाशी पोचला.

"निख्या! थांब!"

कंडक्टरचा आवाज. खालून घरमालक बाहेर आला.

निखिल थांबला. वळून वर आला, वडिलांकडे न बघताच आत गेला आणि कॉटवर बसला.

"टोकलंत ना?" तो म्हणाला. "आता पाणी द्या."

त्या खोलीत पेला कुठे असतो, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. ते शोधत राहिले.