बिनचूक पिशवी

छापखान्यात सगळे त्याला खोडरबर म्हणत. त्यात कौतुक किती आणि राग किती, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. एकवीस वर्षं तो मुद्रितशोधक होता. औषधाच्या बाटल्यांपासून खताच्या पोत्यांपर्यंत जे जे छापलं जाई, ते आधी त्याच्या लाल पेनाखालून जाई आणि चार ओरखडे घेतल्याशिवाय सुटत नसे. त्यामुळे ठोंब्यासाठी कोरडं खाणं निवडायची वेळ आली, तेव्हा त्याने बायकोला बोलूच दिलं नाही.

"मला लेबल वाचायला शिकवतेस? अगं, लेबलं वाचूनच आपलं घर चाललंय!"

ठोंब्या त्यांचा अकरा वर्षांचा कुत्रा. अंगभर चट्टे आणि डावा कान खाजवून खाजवून सोललेला. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून यादी दिली होती: कोंबडी, अंडं, गहू, दूध, सोयाबीन. यातलं कणभरही पोटात जाता कामा नये. महिनाभरात उतार पडला नाही तर जालीम इंजेक्शनं द्यावी लागतील, आणि या वयात ती त्याला सोसतीलच असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. ते ऐकून खोडरबर डॉक्टरीणबाईंवरच खेकसला. त्याला भीती वाटली की ती रागाच्याच रूपाने बाहेर पडे. जित्याची खोड, जाणार कुठे?

दुकानात त्याने चष्मा चढवला आणि पिशव्या उलट्यापालट्या करायला घेतल्या. पहिल्या पिशवीवर 'पौष्टिक'ची वेलांटी दीर्घ होती, ती गेली. दुसरीवर 'जीवनसत्त्व' एकाच त-वर भागवलं होतं, तीही गेली. ज्यांना साधी वेलांटी कळत नाही ते माझ्या कुत्र्याला काय खायला घालणार, असं तो दुकानदाराला सुनावू लागला. दुकानदार म्हणाला, की आजवर एकाही कुत्र्याने वेलांटीची तक्रार केलेली नाही. त्यावरून दोघांची अशी जुंपली, की मांजराचं खाणं घ्यायला आलेल्या एक बाई काही न घेताच निघून गेल्या.

सोळावी पिशवी बदक आणि बटाट्याची होती. त्याने घटक वाचले. पुन्हा वाचले. पाचांपैकी एकही शत्रू नाही आणि शुद्धलेखनाची एकही चूक नाही! त्याला गहिवरून आलं. हे लेबल कुणातरी जाणत्या माणसाच्या हाताखालून गेलंय, असं दुकानदाराला बजावून तो पिशवी खांद्यावर टाकून घरी आला.

आठ दिवसांत ठोंब्याची खाज दुप्पट झाली.

पिशवी तर बिनचूक. म्हणजे घरातच फितुरी! खोडरबरने स्वयंपाकघर उपसलं. अंडी गेली, पाव गेला, दूध गेलं. बायको काळा चहा पिऊ लागली आणि ऑम्लेट खायला शेजारी जाऊ लागली. ती परत आली की हा दारातच तिचे हात हुंगे. मग त्याने जिन्यात पाटी लावली, 'आमच्या कुत्र्यास कोणीही काहीही देऊ नये.' त्या दिवसापासून शेजाऱ्यांनी या दोघांनाही काही देणं बंद केलं, त्यात ऑम्लेटही आलं.

चौथ्या आठवड्यात बायकोचा बांध फुटला. "वीस दिवस माझे हात हुंगताय. एकदा त्या पिशवीकडे बघा ना."

"पिशवीत चूक नाही."

"मग हा का रडतोय?"

ठोंब्या खरंच रडत होता. कान भिंतीला घासून कण्हत होता. ते बघून खोडरबर आणखीच भडकला. अर्धी पिशवी काखेत मारून, रजा टाकून, तो थेट ते खाणं बनवणाऱ्या कारखान्यात जाऊन धडकला.

तिथल्या व्यवस्थापकबाई शांत होत्या, आणि त्याचाच त्याला जास्त संताप आला. त्याने टेबलावर पिशवी आपटली, खाण्याच्या चार गोळ्या उडून बाईंच्या चहात पडल्या. बाईंनी त्याच्या हातातली डॉक्टरीणबाईंची यादी वाचली, मिश्रणाचा कागद काढला आणि त्यांचा चेहरा उतरला. या खाण्यात कोंबडीची चरबी होती.

"मग लेबलवर का नाही?" खोडरबर ओरडला. "कुठल्या गाढवाने गाळली? माझा कुत्रा मरायला टेकलाय. त्या माणसाचं नाव हवंय मला. लेखी!"

बाईंनी फाईल काढून प्रूफ त्याच्यासमोर ठेवलं. 'बदकाची चरबी, कोंबडीची चरबी' असं छापलेलं होतं. त्यातल्या कोंबडीवर लाल रेघ होती आणि समासात शेरा होता: 'चरबी आधीच आली आहे. पुनरुक्ती. खोडा.'

अक्षर फार सुरेख होतं. खोडरबर ते बघत राहिला. दिवसाला चाळीस लेबलं हाताखालून जात. त्यात हे कधी गेलं, त्याला आठवेना.

"आम्ही ते परत घातलं होतं," बाईंनी दुसरं प्रूफ उलगडलं. तिथे रेघ दुप्पट जाड होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'एकदा सांगितलेलं कळत नाही?'

"तिसऱ्यांदा तपासायचं आमच्याकडून राहिलं, ती चूक आमची. आजच सगळ्या पिशव्या परत मागवते. आणि हा कोण शहाणा आहे ते छापखान्याला विचारून कळवते. लेखीच हवंय ना?"

"नको," खोडरबर म्हणाला. आवाज त्यालाच ऐकू आला नाही. "मी ओळखतो त्याला."

बाईंनी मिश्रणाचा कागद स्वतः ताडून पाहून मासळीची पिशवी दिली. घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. वीस दिवसांची भरपाई म्हणून ती जे बोलली, ते त्याने खाली मान घालून ऐकलं. मग नवी पिशवी त्याने तिच्याच हातात दिली.

"तू वाच. मोठ्याने. माझा भरवसा नाही."

ती वाचू लागली. "मासळी, बटाटा, बटाट्याचं पीठ, बटाट्याचा चोथा, बटाट्याचं…"

चौथ्या बटाट्याला खोडरबरचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. बायकोने वाचन थांबवलं आणि चष्म्यावरून बघितलं. त्याने हात तिथून काढला, तो ठोंब्याच्या मानेवर ठेवला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, "राहू दे. सगळे बटाटे राहू दे."